हे अक्षर कुणाचं, हे वाक्य कुणाचं?

१८२४ च्या सप्टेंबरमध्ये कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र सर्ज निपुत्रिक वारले. मरण्याआधी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता, असं सांगणारा कागद धारवाडचे कलेक्टर थॅकरे यांच्याकडे पोचला. थॅकरेंनी तो मानला नाही. दत्तक देसायांच्या हयातीत झाला की मागाहून, कागद त्यांच्या संमतीने झाला की नुसता त्यांच्या नावावर, अशी शंका त्यांनी काढली. कित्तूरच्या खजिन्यावर कंपनीचा पहारा बसला. २३ ऑक्टोबरला राणी चन्नम्मांच्या फौजेशी लढाई होऊन थॅकरे मारले गेले, आणि पुढचं सगळं बैलहोंगल ते बेळगावपर्यंत शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. कंपनीला कित्तूर गिळायचंच होतं यात शंका नाही. पण निमित्त झालं ते एका कागदाच्या खरेखोटेपणाचं.

आपल्या सीमाभागात असे कागद अजूनही घराघरांत आहेत. आदिलशाही, मराठे, पेशवे, कोल्हापूर-सांगली-जमखंडीसारखी संस्थानं, कंपनी सरकार आणि १९५६ पर्यंत मुंबई राज्य, इतक्या राजवटींची दफ्तरं या एका पट्ट्यात साचली. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडच्या जुन्या वाड्यांत माळ्यावरची पेटी उघडली की मोडी लिपीतल्या कागदांचे रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले गठ्ठे, निघतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘हे महाराजांच्या हातचं पत्र आहे.’ दुसरीकडे फलकांवर, कॅलेंडरवर, मोबाइलवर फिरणारी वाक्यं: खाली शिवाजी महाराज, टिळक, गांधीजी, तुकोबा यांचं नाव, आणि वर सुंदर सुलेखनात असं काही, जे त्यांनी कधी म्हटल्याचा कुठेच पुरावा नाही. ज्या माणसांवर आपला इतका जीव आहे, त्यांच्या तोंडी परक्याचे शब्द घालणं मला फार लागतं. म्हणून हे ताडून कसं पाहायचं, ते इथे सविस्तर मांडतो.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की करून घेऊ. ‘हा कागद खरा आहे का?’ या एका प्रश्नाच्या पोटात तीन वेगळे प्रश्न असतात. कागद आणि शाई त्या काळातली आहे का? त्यावरचा मजकूर त्या काळातला आहे का? आणि तो मजकूर त्याच व्यक्तीचा आहे का? यांची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. अठराव्या शतकात केलेली सतराव्या शतकातल्या पत्राची नक्कल घ्या. कागद नंतरचा, अक्षर कारकुनाचं, पण मजकूर अस्सल असू शकतो. उलट, खराखुरा जुना कागद, खरी जुनी शाई आणि मजकूर मात्र वतनाच्या भांडणात रचलेला, असंही घडतं. त्यामुळे नकलेला लगेच खोटं म्हणू नये आणि पिवळ्या कागदाला लगेच खरं म्हणू नये.

आधी तारीख

जाणकार माणूस जुनं पत्र हातात घेतल्यावर आधी कालगणना बघतो. रचलेले कागद सगळ्यात जास्त इथेच फसतात, कारण आपल्याकडे एकाच वेळी अनेक कालगणना चालत होत्या आणि त्या सगळ्यांचा मेळ बसवणं रचणाऱ्याला जड जातं.

शालिवाहन शकात ७८ किंवा ७९ मिळवले की इसवी सन येतो. मराठी दफ्तरांत सर्रास दिसणारा सुहूर सन वेगळा. तो मृगाला, पेरणीच्या सुमारास बदलतो आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. शिवाय तो आकड्यांत नाही, अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘सन खमस सबैन व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, एकूण १०७५. म्हणजे १६७४ च्या मृगापासून १६७५ च्या मृगापर्यंतचं वर्ष. हे शब्द पाठ असले की निम्मं काम होतं.

त्याच वर्षी, शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, म्हणजे त्या वेळच्या इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे ६ जून १६७४ ला, शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि राज्याभिषेक शक सुरू झाला. आता कुणी १६६५ सालचं म्हणून पत्र दाखवलं आणि त्याच्या डोक्यावर ‘राज्याभिषेक शके’ किंवा ‘क्षत्रियकुलावतंस श्री राजा शिवछत्रपती’ असं असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. त्याआधीच्या पत्रांचा मायना निराळा असे: ‘अज रख्तखाने राजश्री सिवाजीराजे दामदौलतहू’ अशा फारसी वळणाचा. राज्याभिषेकानंतर तो मायना बदलून संस्कृत वळणाचा झाला. हा बदल रचणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही.

संवत्सरही पाहावा. राज्याभिषेक शकाचं पहिलं वर्ष आनंद संवत्सरात सुरू झालं, दुसरं राक्षस, तिसरं नल, चौथं पिंगल. पण संवत्सर चैत्रात बदलतो आणि राज्याभिषेक शक ज्येष्ठात, म्हणून चैत्र-वैशाखातल्या पत्रावर ‘शके ३’ आणि ‘पिंगल’ एकत्र दिसलं तर ती चूक नव्हे, तेच बरोबर आहे. अशा ठिकाणी घाईने ‘खोटं’ म्हणणाराच तोंडघशी पडतो. शेवटची चाळणी तिथी-वाराची. पत्रात तिथी आणि वार दोन्ही असतील तर जंत्री, म्हणजे तिथी-तारखांचं कोष्टक, काढून जुळवायचे. एखाद्या दिवसाचा फरक तिथीच्या सुरुवात-शेवटामुळे चालतो. अंदाजाने वार टाकणाऱ्याचा वार नेमका जुळण्याची शक्यता मात्र ७ पैकी १.

मुद्रेचंही असंच. ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ने सुरू होणारी महाराजांची मुद्रा पत्राच्या वरच्या भागात आणि मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ हा छोटा शिक्का, म्हणजे मोर्तब. मोर्तबाचं कामच ते: याच्या पुढे कुणी ओळ घुसवू नये. मोर्तबाच्या खाली, निराळ्या शाईत, ‘आणि अमुक शेतही इनाम दिले असे’ असं आढळलं तर ती ओळ कुणाच्या फायद्याची आहे ते बघा.

फायद्याचा प्रश्न फार जुना आहे. कोल्हापूरजवळच्या आळते गावाच्या नावाने ओळखला जाणारा एक ताम्रपट शके ४११ चा आणि चालुक्य राजा पहिला पुलकेशी याच्या काळातला असल्याचं सांगतो. पण पुलकेशीचा बदामीचा लेख शके ४६५ चा आहे आणि ताम्रपटावरच्या अक्षरांची घडण त्याच्याही बरीच नंतरची. कोरीव लेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी तो बनावट ठरवला, आणि अशा बनावट लेखांची एक लांबलचक यादीच १९०१ साली छापली. तांब्यावर कोरण्याचा खटाटोप लोक का करत? जमिनीसाठी. इंग्रज राजवटीत १८४३ पासून आपल्याच या दक्षिण महाराष्ट्र मुलखात इनामांची चौकशी सुरू झाली, १८५२ ला इनाम कमिशनचा कायदा झाला, आणि ज्याच्याकडे सनद त्याचं इनाम असा मामला झाला. त्या काळात कुटुंबाच्या पेटीत ‘सापडलेला’ कागद म्हणूनच पेशवे दफ्तरातल्या नोंदींशी ताडून पाहावा लागतो. देणाऱ्याच्या दफ्तरात नोंद आणि घेणाऱ्याच्या घरात सनद, दोन्ही जुळले तर पाया भक्कम.

अक्षर

मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेत आणि तिच्याखाली अक्षरं लोंबवत सलग लिहीत. शब्द तोडत नसत, विरामचिन्हं जवळजवळ नसत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. शिवकालीन वळण, पेशवाईतलं गोलसर घोटीव वळण आणि इंग्रजी अमदानीतलं टाकाने ओढलेलं वळण ही तिन्ही सवयीच्या डोळ्याला दुरून ओळखू येतात. बोरूची, म्हणजे वेताच्या लेखणीची, रेघ जाडी-बारीक होते, शाई संपत आली की फिकटते आणि पुन्हा बुडवला की गडद होते. हे गडद-फिकं चक्र मजकुरात ठरावीक अंतराने येतं. रेघ सगळीकडे एकाच जाडीची असेल तर लिहिण्याचं साधन वेगळं आहे.

एक नवा धोका संगणकाचा. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली आणि फॉन्ट आले. मोडी टिकण्यासाठी ही फार मोलाची गोष्ट झाली, पण आता कुणीही चार ओळी टंकून, मागे तपकिरी कागदाचं चित्र लावून ‘दुर्मीळ पत्र’ फिरवू शकतो. ओळखायला सोपं आहे. मजकुरातला एकच ‘क’ चार ठिकाणी शोधा. हाताने लिहिलेला ‘क’ दोनदा तंतोतंत सारखा येत नाही. फॉन्टचा येतो.

आता ‘महाराजांच्या हातचं अक्षर’ या दाव्याकडे येऊ. शिवाजी महाराजांची पत्रं चिटणीस आणि कारकून लिहीत. महाराजांच्या स्वतःच्या हस्ताक्षराचा सगळ्या अभ्यासकांनी मान्य केलेला नमुना आजवर नाही. मग कुणी ‘हातचं’ म्हणतो तेव्हा त्याने ते जुळवलं कशाशी? हस्ताक्षर तपासणीचा सगळा डोलारा निर्विवाद नमुन्यावर उभा असतो. नमुना नाही तर तुलना नाही, तुलना नाही तर ‘हातचं’ हा शब्द वापरता येत नाही. पत्र अस्सल असूनही ते कारकुनाच्या हातचं असतं, आणि त्याने त्याचं मोल तसूभरही कमी होत नाही.

नमुना असला तरी जपून. गांधीजी उजवा हात दुखला की डाव्याने लिहीत. ‘हिंद स्वराज्य’ त्यांनी १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला जाताना बोटीवर लिहिलं. हस्तलिखिताच्या २७५ पानांपैकी सुमारे ४० डाव्या हाताची आहेत. फक्त उजव्या हाताचा नमुना समोर ठेवणारा ती पानं बनावट ठरवेल. शिवाय वयाबरोबर अक्षर बदलतं, आजारात बदलतं. म्हणून नमुना त्याच सुमाराचा, त्याच लिपीतला आणि शक्यतो त्याच साधनाने लिहिलेला हवा. नक्कल करणारा अक्षर लिहीत नाही, चित्रासारखं काढतो. म्हणून आकार बरोबर येतो, पण रेघेत वेग नसतो. जिथे सराईत हात सरकन पुढे जातो तिथे कंप, मध्येच उचललेली लेखणी, मागून गिरवलेली टोकं दिसतात. साध्या भिंगातून एवढं कुणालाही दिसतं.

कागद आणि शाई यांच्या खऱ्या तपासणीला प्रयोगशाळा लागते, तरी घरी काही गोष्टी कळतात. साधारण १९५० नंतरच्या कागदांत पांढरेपणासाठी एक रसायन घालू लागले. नोटा तपासायला दुकानदार जांभळ्या उजेडाचा दिवा ठेवतात, त्याखाली असा कागद निळसर चमकतो. शिवकालीन म्हणवणारा कागद तसा चमकला तर संपलं. नाही चमकला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण जुन्या कीर्द-खतावण्यांतली कोरी पानं काढून त्यावर लिहिणारेही असतात. घडीवर लक्ष द्या. आधी लिहून मग घडी पडली तर घडीवर शाई झिजते, आणि घडी आधीची असली तर शाई त्या फाटलेल्या धाग्यांत झिरपून पसरते. कसरीने पाडलेलं भोक अक्षराच्या मधोमध असेल तर ठीक, पण अक्षरं भोक चुकवून वळसा घेत असतील तर मजकूर भोकानंतरचा आहे. चहाच्या पाण्यात बुडवलेला कागद सगळीकडे सारखाच तपकिरी होतो. खरा जुना कागद कडांना आणि घड्यांना जास्त काळवंडतो. हे बघताना कागद ओला करू नये, चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. त्याने कागद मरतो आणि पुरावाही.

या सगळ्याच्या तोडीचा पुरावा म्हणजे कागद कुठून आला याची साखळी. १८७२ च्या पुरावा कायद्यातल्या कलम ९० प्रमाणे तीस वर्षांपेक्षा जुना दस्त अस्सल असल्याचं न्यायालय गृहीत धरू शकतं, पण अट अशी की तो जिथे असायला हवा तिथूनच आलेला असावा. नव्या साक्ष अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे. देसायांच्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या एकाच रुमालात बांधलेला कागद वेगळा, आणि जुन्या बाजारात विक्रेत्याने ‘कर्नाटकातल्या एका घराण्याकडून’ म्हणून दाखवलेला वेगळा. म्हणून रुमाल सोडताना कागदांचा क्रम मोडायच्या आधी फोटो काढावेत. शेजारचा कागद साक्षीदार असतो.

आणि वाक्यं?

वाक्याला कागद नसतो, शाई नसते. तिथे एकच शोध: हे वाक्य त्या व्यक्तीच्या नावावर सगळ्यात आधी कुठे आणि कधी छापलं गेलं?

‘ग्राहक हा आपल्या दुकानातला सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, तो आपल्यावर नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत.’ गांधीजींच्या चित्रासह ही पाटी बँकांत आणि दुकानांत लागलेली असते. काही ठिकाणी ‘दक्षिण आफ्रिका, १८९०’ असंही लिहितात. १८९० मध्ये गांधीजी लंडनला कायदा शिकत होते. दक्षिण आफ्रिकेला ते १८९३ मध्ये गेले. जवळजवळ याच शब्दांतला मजकूर १९४१ मध्ये अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायाच्या एका नियतकालिकात, स्टुडबेकर या मोटार कंपनीच्या विक्री विभागाच्या उपाध्यक्षाच्या नावाने छापलेला सापडतो. ‘जगात जो बदल पाहायचा आहे तो तुम्हीच व्हा’ हे वाक्यही त्यांच्या लेखनात या रूपात नाही. १९१३ च्या एका लेखात, आपण स्वतः बदललो तर जगाचा कलही बदलेल अशा अर्थाचं ते लिहितात. अर्थ जवळचा, शब्द दुसऱ्याचे. गांधीजींचं समग्र लेखन इंग्रजीत १०० खंडांत आहे आणि तारीखवार लावलेलं आहे. १९२४ च्या डिसेंबरमध्ये टिळकवाडीत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते, आयुष्यात एकदाच. त्यामुळे ‘बेळगावात गांधीजी म्हणाले’ असं कुणी सांगितलं तर त्या महिन्याचा खंड काढून बघता येतं.

टिळकांचं बेळगावातलं भाषण तर तपासणीचा उत्तम धडा आहे. १९१६ च्या एप्रिलअखेर बेळगावात होमरूल लीगची स्थापना झाली आणि १ मे रोजी टिळक इथे मराठीतून बोलले. सरकारी लघुलेखकांनी ते टिपून घेतलं. या भाषणावरून आणि मग अहमदनगरच्या दोन भाषणांवरून सरकारने त्यांच्याकडे २०,००० रुपयांचा जातमुचलका मागितला. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि ९ नोव्हेंबर १९१६ ला, सुटी वाक्यं न धरता भाषणं समग्र वाचून, न्यायाधीशांनी तो हुकूम रद्द केला. म्हणजे या भाषणाचा मजकूर विरोधकाने टिपलेला, दोन्ही बाजूंच्या वकिलांनी घासून पाहिलेला आणि न्यायालयाने वाचलेला आहे. टिळकांच्या नावावरच्या प्रत्येक वाक्यामागे असा आधार नसतो. ऐकीव आठवणीत, चाळीस वर्षांनी सांगितलेल्या वाक्याला याच पंगतीत बसवता येत नाही.

‘गड आला पण सिंह गेला’ हे वाक्य माझ्याही मनाजवळचं आहे, तरी सांगतो. तानाजी मालुसरे पडले ४ फेब्रुवारी १६७० ला. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीला बखर लिहिली. तीत महाराजांचे उद्गार आहेत: ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला.’ सिंहाचा उल्लेख नाही. आणि सिंहगड हे नाव तर १६६३ च्या पत्रातही येतं, म्हणजे ते तानाजींवरून पडलेलं नाही. सभासदाचं वाक्यही प्रसंगानंतर सत्तावीस वर्षांनी लिहिलेलं आहे, पण तो त्या काळातला माणूस होता. मला विचाराल तर त्याचं वाक्य जास्त खोल आहे: राजाला एक माणूस म्हणजे एक गड वाटला.

अभंगांचं अवघड आहे, कारण ‘तुका म्हणे’ ही मुद्रा कुणालाही शेवटी जोडता येते. कन्नडमध्ये बसवण्णांच्या वचनांना ‘कूडलसंगमदेवा’ हे अंकित, म्हणजे नाममुद्रा, असते, तिथेही हीच अडचण. नाममुद्रा ही सही नव्हे. जुन्या पोथ्यांत तो अभंग आहे का, वेगवेगळ्या परंपरांच्या वह्यांत आहे का, आणि भाषा सतराव्या शतकाची आहे का, हे पाहावं लागतं. ‘सकारात्मक’सारखे अगदी आजचे शब्द असलेला अभंग तुकोबांच्या नावाने आला तर गाथा उघडायचीही गरज नाही.

शेवटी बैलहोंगल तालुक्यातली बेळवडी. मल्लम्मांनी शिवाजी महाराजांच्या फौजेला दिलेला लढा इथे कन्नड आणि मराठी दोन्ही घरांत सांगतात. लढा झाला यात शंका घ्यायचं कारण नाही. १६७८ च्या फेब्रुवारीतल्या इंग्रजांच्या पत्रात एका देसाई स्त्रीने महाराजांना अडवून धरल्याची बातमी आहे. लिहिणारा दोन्हींपैकी कुठल्याच बाजूचा नव्हता आणि पत्र त्याच दिवसांतलं आहे. पण मल्लम्मा आणि महाराज यांच्यातले जे संवाद आज ऐकू येतात ते त्या पत्रात नाहीत. ते कुठल्या ग्रंथात, कुठल्या साली, कुठल्या भाषेत पहिल्यांदा उतरले हे शोधायला मराठी बखरी, कन्नड ग्रंथ आणि इंग्रजी पत्रं शेजारी ठेवून वाचावी लागतील. पुण्यात बसून हे काम अर्धंच होतं आणि बंगळुरात बसूनही अर्धंच. दोन्ही भाषा घरात बोलणारी, मोडी शिकायची तयारी असलेली मुलं बेळगाव, बैलहोंगल, खानापूरकडेच आहेत. मोडीची बाराखडी नेटाने बसलं तर काही आठवड्यांत हाताला बसते. सराव मात्र आपल्या घरातल्या साध्या, निर्विवाद कागदांवर करावा, म्हणजे सारापावत्या, उतारे, उसनवारीच्या चिठ्ठ्या यांवर. त्यांत कुणाचंही मोठं नाव नसतं, म्हणून सहसा कुणी ते रचलेलेही नसतात.